चूप बसायची डिग्री

पहिलेच सांगून देते, यातली नावं मी बदलली आहेत. गावंही इकडची तिकडं केली असतील. कोण कोणाचा, कोणत्या घरचा, हे शोधत बसू नका. अन् सापडल्यासारखं वाटलं तरी मले येऊन विचारू नका, मी सांगत नाही. सांगत नाही हीच तर सारी गोष्ट आहे.

मी सौंसरच्या एका नशामुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. पहिलेही होती, फक्त तेव्हा डिग्री नव्हती. साधं बी.ए. झालेलं, माणसांशी बोलायची हौस, अन् कोणाच्या बापाले न भिणारी जीभ, एवढ्यावर माझं मस्त चालून राहिलं होतं. मग आमच्या संस्थेनं नियम काढला, की रुग्णासमोर जो बसन त्याच्याजवळ एम.एस.डब्ल्यू. पाहिजेच, अन् वरून व्यसनोपचाराचं वेगळं ट्रेनिंग पाहिजे. नाही तर सामानाच्या खोलीची चावी घ्या अन् तिथं बसा. मले असा राग आला का विचारू नका. घरी येऊन भांडी आपटली. आमचे हे पेपर वाचत होते, म्हणे, "भांड्यायनं काय केलं तुझं?" मी म्हटलं, "माझ्या पोरीच्या वयाच्या पोरींसोबत वर्गात जाऊन बसू का आता?" तर म्हणे, "बस नं. तेवढाच घरात आराम."

पण खरा मागं लागला तो दादा. श्रीधर, माझा मोठा भाऊ, पांढुर्ण्याले हेडमास्तर आहे. आमचे आईबाबा गेल्यावर माझं माहेर म्हणजे तोच. दर रविवारी फोन करून मले मानसशास्त्राचे, व्यसनाच्या आजाराचे धडे समजावून सांगे. मी चिडून पुस्तक फेकलं तर म्हणे, "उचल, अन् धुळीवरून हात फिरव, विद्या आहे ती." मी पास झाली तेव्हा त्यानं आपल्या शाळेच्या स्टाफरूममध्ये पेढे वाटले. जसा काही तोच पास झाला होता.

मले वाटलं होतं तिथं बोलायले शिकवतील. ते तर येतच होतं. त्यायनं शिकवलं चूप बसायले. आणखीही पुष्कळ शिकवलं, नाही म्हणत नाही. आमच्या इकडं काय करतात, पिणाऱ्याले जामसावळीच्या हनुमानापुढं शपथ घालतात, घरी आणून खोलीत कोंडतात, अन् त्याचे हातपाय थरथरले का म्हणतात, नाटक करून राहिला. ते नाटक नसते. रोजची दारू एकदम तोडली तर माणसाले झटके येतात, जीवही जातो, म्हणून पहिले डॉक्टर अन् मग देव, हे मी आता कोणाच्याही अंगणात उभी राहून ठणकावून सांगते. पण सगळ्यात जड दोन नियम होते. खोलीत बोललेलं खोलीतच राहील. अन् आपल्या नात्यातल्या माणसावर आपण उपचार करायचा नाही, कारण आपली नजर तिथं सरळ राहत नाही.

आता तुम्हीच सांगा, सौंसर-पांढुर्ण्यात हे पाळायचं कसं? इथं कोणालेही धरा, दोन प्रश्नांत तो तुमच्या मामेसासऱ्याचा साडभाऊ निघते. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरानं मले विचारलं होतं, "जवळचा नातेवाईक माहिती मागायला आला तर काय कराल?" मी ऐटीत म्हटलं, "नाही सांगणार, सर." त्यायनं मान डोलावली अन् पुढच्या पोरीले बोलावलं. एवढं सोपं होतं ते तिथं.

मग एका दुपारी दादाचा फोन आला. मी केंद्रात डबा उघडून बसली होती.

"प्रतिभा, अमृतासाठी स्थळ आलं. मोहगावचं. यशवंतराव म्हणून आहेत, संत्र्याचे बगीचे आहेत त्यांचे. पोराचं नाव अक्षय, खता-बियाण्याचं दुकान टाकलं त्यानं. फोटो पाठवला आहे, पाहून घे. अन् जराशी चौकशी कर. तिकडचे सारे तुले ठाऊक."

फोटो पाहायची गरज नव्हती, तरी पाहिला. नाव ऐकूनच मी डब्याले झाकण लावलं होतं. अक्षय आमच्याकडं भर्ती होता. पहिल्या दिवशी दोघांनी दोन्हीकडून धरून आणलं होतं त्याले, अन् त्यानं माझ्या टेबलावर ओकारी केली होती. मग हळूहळू माणसात आला. घरी गेल्यावरही बोलावलेल्या तारखेले न चुकता येई, माझ्यासमोर बसून बोले. त्याच्या घरच्यायनं मोहगावात सांगून ठेवलं होतं का पोरगा पुण्याले कोर्स करायले गेला होता. त्याची दारू सुटून बरेच दिवस झाले होते, पण या आजारात सुटली म्हणजे गेली असं नसते, हे मलेच सगळ्यायपेक्षा जास्त माहीत.

अन् अमृता! दादाची एकुलती एक पोट्टी. दर उन्हाळ्यात माझ्याकडं राहायले येई, माझ्या मांडीवर बसून संत्री सोलून मागे, पांढरी शीर राहिली तर परत करे. आता पांढुर्ण्याले बँकेत आहे. तिच्या आयुष्याचा प्रश्न, अन् उत्तर माझ्या पोटात.

"मी चौकशी नाही करत, दादा," मी म्हटलं.

"काहून?"

"मी कोणाचीच नाही करत. नोकरीचा नियम आहे. मांगच्या साली नणंदेनं विचारलं, तिलेही नाही सांगितलं."

"अवो, नियम लोकायसाठी असते. मी काय लोक आहे?"

"तुले पण नाही सांगणार."

तो खो खो हसला. "मोठी आली नियमवाली! बरं, जेव तू."

इथं आमच्याकडची चौकशी कशी असते ते सांगावं लागते. परक्या माणसाले विचारलं अन् तो 'बरे आहेत लोक' म्हणून गोठ्याकडं पाहायले लागला, का समजून जायचं, स्थळ कटाप. तोंडानं कोणी वाईट बोलत नाही. बोलणं थांबलं तेच उत्तर. म्हणून तर मी सरसकट सगळ्यायलेच नाही म्हणत होती, चांगल्यालेही अन् वाईटालेही. म्हणजे माझ्या चूप बसण्यातून कोणी काही काढू नये. मोठी हुशारी केली असं मले वाटत होतं.

त्याच दुपारी मी गौतम सराजवळ गेली. हा आमचा दुसरा समुपदेशक, माझ्याहून बराच लहान, पण शिकलेला पक्का. त्याले सारं सांगितलं. तो चष्मा पुसत म्हणे, "ताई, दोन गोष्टी. अक्षयला सांगावं लागेल की मुलगी तुमची भाची आहे. आणि आजपासून त्याची केस माझ्याकडे. त्याच्यासमोर तुम्ही आता समुपदेशक म्हणून बसूच शकत नाही."

"अन् अमृता?"

"ती तुमची भाची आहे, तुमचा रुग्ण नाही. रुग्ण तो आहे."

असा राग आला त्याच्या त्या चष्म्याचा! पण खरं होतं ते.

अक्षय तारखेवर आला. हसत आला, बिचारा. "ताई, एक खुशखबर आहे," म्हणे. मी म्हटलं, "बस पहिले. ती पोरगी माझ्या सख्ख्या भावाची आहे."

त्याचा चेहरा असा उतरला का मलेच कसं तरी झालं.

"तुम्ही सांगितलं त्यायले?"

"नाही."

"सांगणार?"

"नाही. कधीच नाही. पण आता तुझ्यासोबत मी बसणार नाही, गौतम सर बसतील. हे तुले शिक्षा म्हणून नाही. माझं मन आता दोन्हीकडं आहे, तुले सरळ सल्ला द्यायच्या कामाचं नाही राहिलं."

तो हातातली दुकानाची किल्ली फिरवत राहिला. "मी सांगून टाकू का, ताई? अमृताले? पण सांगितलं तर कोण देईन पोरगी? बाबा म्हणतात, झालं गेलं, आता कोण विचारते."

देवाशपथ सांगते, माझ्या जिभेवर होतं, सांग रे भैताडा, आत्ताच्या आत्ता सांग, ती माझी अमृता आहे! पण मी हे कोणासाठी म्हणून राहिली असती? त्याच्यासाठी नाही. मी माझ्या घरासाठी त्याच्याकडून काम काढून घेत असती, अन् त्यानं ज्या खुर्चीवर भरवसा ठेवला तिच्यावर बसून. मी उठली. "हे गौतम सरासोबत बोल," म्हटलं अन् बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

पुढं काही दिवस मी वाट पाहत राहिली का अक्षय बोलेल, नाही तर दुसरीकडून कोणी तरी दादाले काही सांगेल, नाही तर पत्रिका जुळणार नाही. काहीच नाही झालं. उलट वहिनीचा फोन आला. विजयावहिनी बोलायची कमीच, पण त्या दिवशी घाईत बोलली.

"प्रतिभा, रविवारी सुपारी फोडायची ठरली. सकाळूनच ये."

"इतक्या लवकर? चौकशी कोणी केली?"

"तूच नाही का?"

"मी? मी तर तोंडही उघडलं नाही!"

"तेच तर. तुझे दादा म्हणतात, पोरात काही खोट असती तर प्रतिभानं सांगितलं असतं. ती काय अमृताची वैरीण आहे? सख्खी आत्या चूप आहे, अन् तेही नशामुक्तीवाली, म्हणजे पोरगं सोन्यासारखं."

माय व! परक्याचं चूप बसणं म्हणजे नकार, अन् सख्ख्या आत्याचं चूप बसणं म्हणजे होकार. हे मी इथंच जन्मून, इथंच म्हातारी होऊन राहिली, तरी माझ्या डोस्क्यात नाही आलं. माझ्या न बोलण्यावर शिक्का मारून दादानं त्याचं प्रमाणपत्र करून टाकलं होतं. मी खोटं बोलली नव्हती, पण माझ्या नावानं खोटं चाललं होतं. अन् ज्या दिवशी अमृताले कळेल, त्या दिवशी ती म्हणेल, आत्याले माहीत होतं.

मी दादाले फोन लावला. "माझ्या भरवशावर काही ठरवू नको, दादा. मी काहीच सांगितलेलं नाही." तो म्हणे, "हाव नं, म्हणून तर ठरवलं." अन् मंडपवाल्याले ओरडत फोन ठेवून दिला.

रविवारी पांढुर्ण्याले गेली. हेही आले सोबत. अंगणात सतरंज्या, आत पाहुणे, पोह्याचा अन् मोगऱ्याचा घमघमाट. अक्षय कोपऱ्यात पांढऱ्या शर्टात बसला होता. माझ्याकडं पाहिलं अन् लगेच खाली पाहिलं. मले समजलं, यानं अजून सांगितलं नाही. त्याचे वडील यशवंतराव मोठ्यानं संत्र्याच्या बहाराचं सांगून राहिले होते, आवाजात जरा जास्तच आनंद. अमृता हिरव्या साडीत. काय दिसत होती पोट्टी! मले पाहून तिनं डोळा मारला.

दादा पाटावर बसला, हातात अडकित्ता घेतला. अन् फोडण्याआधी भाषण. हेडमास्तर तो, भाषण कसं सोडेल?

"आजकाल पोरं कशी निघतील याचा भरवसा नाही," तो म्हणे. "दारूनं घरंच्या घरं बसून राहिली. पण आम्हाले चिंता नाही. आमची प्रतिभा त्याच लाइनमधली, शिकलेली. अक्षयराव तिच्या नजरेखालून गेलेले आहेत. काही असतं तर ती चूप बसली असती का?"

सगळे माझ्याकडं पाहून हसले. यशवंतरावही हसले, पण त्यांच्या कपाळावर घाम होता.

मी ठरवून नाही उठली. पायच उठले.

"दादा, सुपारी ठेव खाली जराशी. माझं ऐक. माझं चूप बसणं यात धरू नको. माझ्या चूप बसण्याले काही किंमत नाही. तू इथं देवासारखा माणूस आणून बसवला तरी मी चूप, अन् राक्षस आणला तरी चूप. या जिल्ह्यातल्या कोणत्याच पोट्ट्याबद्दल मी बोलत नाही, कोणासमोरच नाही. माझी चौकशी झाली असं समजून पोरगी देऊ नको. द्यायची तर तुमच्या तुमच्या भरवशावर द्या."

मागच्या चुलीवरचा चहा उतू गेला, पण तो उतरवायले कोणी उठलं नाही.

"म्हणजे काही आहे?" दादाचा आवाज बदलला.

"आहे असं मी म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही."

"हे काय कोडं घालून राहिली तू चारचौघात?"

आमचे हे माझा पदर ओढून राहिले होते. तेव्हा अमृता पुढं आली. कोणी काही म्हणायच्या आत ती अक्षयसमोर उभी राहिली अन् साध्या आवाजात म्हणे, "आत्याला कशाला विचारता? मी यांनाच विचारते. तुमच्याबद्दल मला माहीत पाहिजे असं काही आहे का?"

यशवंतराव म्हणे, "बाई, हे काय बोलणं झालं..." पण अक्षय उभा झाला.

"आहे," तो म्हणे. "मी पीत होतो. लय पीत होतो. पुण्याले कोर्स वगैरे काही नव्हता, मी केंद्रात भर्ती होतो. आता पीत नाही. पुढं कधीच पिणार नाही असं छातीठोक सांगता येत नाही, पण रोज सकाळी उठून आजचा दिवस नाही, एवढं ठरवतो. हे मी पहिलेच सांगायले पाहिजे होतं. भ्यालो."

"बस खाली, अक्षय!" त्याचे वडील ओरडले.

तो नाही बसला. माझ्याकडं वळला. "ताई, सगळ्यायले सांगा तुम्ही, मी सुधारलो का नाही. माझी परवानगी आहे."

सगळे माझ्याकडं. मी म्हटलं, "बोलावलेल्या तारखेले हा येतो. एकदाही चुकला नाही. याच्यापुढची गॅरंटी कोणाचीच कोणी देत नाही, मीही देत नाही."

दादानं अडकित्ता असा फेकला का तो भिंतीले लागून पडला. "दारुड्याले पोरगी नाही देत मी! उठा, उठा सारे!" अन् मग माझ्यावर आला. "तुले माहीत होतं. सख्खी आत्या! घरात साप सोडून तू पोहे खात बसली? यासाठी शिकवलं का तुले मी?"

त्याचे हात थरथर कापून राहिले होते. रागानं, मले वाटलं.

अमृता मात्र रडली नाही, चिडलीही नाही. ती बापाच्या हाताकडं पाहत होती. हळूच म्हणे, "बाबा, त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. आपणहून." अन् आत निघून गेली.

"तुले माहेर बंद," दादा मले म्हणे. सतरंजीवर ती सुपारी अख्खीच पडली होती. परतीच्या बसमध्ये मी अशी रडली का कंडक्टर तिकीट मागायलेच आला नाही. हे खिडकीबाहेर पाहत बसले. सौंसर आल्यावर एवढंच म्हणे, "तुझ्या जागी मी असतो तर सांगून टाकलं असतं. म्हणूनच मी तुझ्या जागी नाही."

राखीले मी गेली पांढुर्ण्याले, निर्लज्जासारखी. दादा घरी होता, चप्पल दारात दिसत होती, पण बाहेर नाही आला. वहिनीनं दारातच राखी घेतली अन् पदराआड केली. काही तरी बोलायचं होतं तिले, ओठ हलले, पण आतून खाकरल्याचा आवाज आला अन् तिनं दार लोटलं. माझा दादा, धुळीवरून हात फिरव म्हणणारा. मी त्या पायरीवर मनातल्या मनात गौतम सराले, संस्थेले, त्या तोंडी परीक्षेच्या सराले, सगळ्यायले शिव्या घातल्या. एका शब्दानं माझं माहेर वाचलं असतं.

अक्षय तारखेवर येत राहिला, गौतम सरासमोर बसत राहिला. दारातून मले नमस्कार करे अन् जाई. एवढंच एक समाधान होतं.

पोळा झाल्यावर एका सकाळी मी केंद्राचं दार उघडायले गेली तर पायरीवर वहिनी बसलेली. एकटी. पांढुर्ण्याहून पहिल्या बसनं आली होती, पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला. मले वाटलं, दादाले काही झालं. मी धावली.

"नाही, तसं काही नाही," ती म्हणे. "आत चल. दार लाव."

मी दार लावलं, पाणी दिलं. तिनं ग्लास हातात धरून ठेवला.

"प्रतिभा, तू तुझ्या भाचीसाठीही तोंड उघडलं नाही. सगळे तुले बोल लावून राहिले होते, मीही लावला. पण त्याच दिवशी माझ्या मनात आलं, हिच्याजवळ सांगितलं तर बाहेर जाणार नाही. तरी पायरी चढायची हिंमत व्हायले इतके दिवस लागले. अमृता म्हणे, आई, त्या पोरानं सांगितलं, आपण कधी सांगणार?"

"काय सांगायचं आहे, वहिनी?"

"तुझ्या दादाचं आहे."

मी खिडकीही लावून घेतली.

"शाळेतून आले का वरच्या खोलीत जातात. दार लावून. आवाज नाही, शिवीगाळ नाही, कधी पडले-झडले नाही, म्हणून कोणाले पत्ता नाही. सकाळी हात इतके कापतात का शर्टाच्या गुंड्या मी लावून देते. अमृताचं लग्न झालं पाहिजे, हेडमास्तरकी गेली नाही पाहिजे, म्हणून मी चूप राहिली. इतकी वर्षं, प्रतिभा. तो अडकित्ता त्यायनं पोरावर नाही फेकला. स्वतःवरच फेकला तो."

मले कसं सांगू काय झालं. भिंतीवर माझी डिग्री टांगलेली, अन् माझ्याच दादाचे हात मले वाचता आले नाही. दर रविवारच्या त्या फोनवर तो मले दारूच्या आजाराचे धडे समजावून सांगे. तेव्हा तो कुठं बसून बोलत असेल, त्याच्यासमोर काय असेल, हे मी कधी विचारलंच नाही. मले वाटलं आत्ता उठावं, बस पकडावी, त्याच्या वरच्या खोलीचं दार तोडावं अन् त्याले पोटाशी धरावं.

"वहिनी," मी म्हटलं, "आता याच्यापुढं मले काही सांगू नको."

तिनं असं पाहिलं माझ्याकडं! "म्हणजे तूही दार लावणार?"

"अवो, नाही. ऐक. मी त्याची बहीण आहे. मी या खुर्चीवर बसली तर रडीन, ओरडीन, त्याले शपथा घालीन. तुले माहीत आहे नं मी कशी आहे ते. अन् तो माझ्यासमोर खरं एक अक्षर बोलणार नाही, लहान बहिणीसमोर कोण बोलते? मी गौतम सराले बोलावते. त्यायले सगळं सांग, काहीही लपवू नको. एकच सांगते, घरी जाऊन बाटली फेकू नको, खोलीत कोंडू नको, एकदम तोडली तर जिवावर येते. पहिले डॉक्टर. बाकी सारं सर सांगतील."

"अन् तू काय करशील?"

"मी बाहेर बसते."

गौतम सर आले, आत गेले, दार लागलं. मी बाहेरच्या बाकड्यावर बसली, जिथं रुग्णायच्या आया-बायका बसतात. इतकी वर्षं त्यायले मी म्हणत आली, काळजी करू नका, थोडं थांबा. किती फालतू बोलत होती मी! आतून नुसता आवाज येई, शब्द नाही. मी पदरानं डोळे पुसत राहिली. हात जोडून बसली, कोणाले जोडले माहीत नाही.

वहिनी बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा सुजलेला होता, पण खांदे सैल पडले होते. मी काही विचारलं नाही. बसस्टँडपर्यंत सोडायले गेली. वाटेत ती आपणच म्हणे, "अमृता त्या पोराशी फोनवर बोलत असते. मी अडवत नाही. काय ठरवायचं ते ठरवतील." बस लागली होती. पायरीवर एक पाय ठेवून ती थांबली.

"तुझ्या दादाले सांगू का, तुले माहीत आहे म्हणून?"

"मले काय माहीत आहे, वहिनी?" मी म्हटलं. "मले काहीच माहीत नाही."

ती माझा हात धरून उभी राहिली. कंडक्टर ओरडला तेव्हा सोडला.

मग काही आठवडे असेच गेले. दादाचा फोन नाही, निरोप नाही. मी रोज नवीन आलेल्या माणसाच्या चपला पाहत होती, अन् पाहिल्यावर स्वतःवरच चिडत होती. एक दिवस गौतम सर माझ्या टेबलाजवळ आले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ताई, तुमची रामाकोन्याची गावभेट शुक्रवारी असते. ती बुधवारी ठेवता येईल का? यापुढं दर बुधवारी."

मी त्यांच्याकडं पाहिलं. ते माझ्याकडं पाहत नव्हते. केंद्रात मी नसली पाहिजे असं कोणी तरी बुधवारी येणार होतं. माझ्यासमोर ही पायरी चढायले ज्याले सगळ्यात जास्त लाज वाटन असं कोणी तरी. मी काहून म्हणून विचारलं नाही. "हाव, ठेवते," म्हटलं, अन् सामानाच्या खोलीत जाऊन, दार लावून, मनसोक्त रडून घेतलं.

आता दर बुधवारी सकाळच्या बसनं मी रामाकोन्याले जाते. गावातल्या बाया विचारतात, वार काहून बदलला, मॅडम? मी सांगते, बुधवारी बसले गर्दी कमी असते.